वेगाची जागा

शोरूममध्ये उभी असलेली नवी कोरी मोटार पाहिली की वाटतं, ही अजून धावायची आहे. पण तिच्या जातकुळीतल्या पहिल्या मोटारी त्याआधी लाखो किलोमीटर धावून, आदळून, घसरून झालेल्या असतात. त्यातल्या काही चाचण्या साध्या रस्त्यांवर होतात. सगळ्यांत अवघड चाचण्या मात्र कंपनीने स्वतःच बांधलेल्या, कुंपण घातलेल्या खासगी रस्त्यावर होतात. त्याला टेस्ट ट्रॅक म्हणतात.

हे कुंपण पहिल्यापासून नव्हतं. इटलीत मोदेना शहराच्या आसपास फेरारी, मासेराटी या वेगवान मोटारी तयार होत आणि गावच्या रस्त्यांवरच पळवून पाहिल्या जात. 'मिल्ले मिल्या' नावाची हजार मैलांची शर्यतही चालू रस्त्यांवरच होई. 12 मे 1957 रोजी या शर्यतीत एका फेरारीचा टायर फुटला आणि मोटार कडेला उभ्या असलेल्या लोकांत घुसली. चालक आणि त्याचा सोबती तर गेलेच, पण पाहायला आलेले नऊजणही गेले. त्यांत पाच मुलं होती. त्या वर्षानंतर ही शर्यत जुन्या स्वरूपात भरली नाही. एन्झो फेरारींवर खटला चालला. ते 1961 मध्ये निर्दोष सुटले.

पुढे 1972 मध्ये फेरारीने मारानेल्लोच्या कारखान्याजवळ फिओरानो इथे सुमारे तीन किलोमीटरचा स्वतःचा ट्रॅक बांधला. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा तो स्वतःलाच ओलांडून जातो, त्यामुळे डावी-उजवी दोन्ही वळणं मिळतात. जर्मनीत पोर्शेने हे आधीच सुरू केलं होतं. स्टुटगार्टजवळच्या व्हायसाख या गावी 1961 मध्ये ट्रॅकचं काम सुरू झालं आणि पुढे कंपनीचं संशोधन केंद्रच तिथे गेलं.

अशा ट्रॅकवर असतं तरी काय? गुळगुळीत रस्ता असेल, असं वाटतं ना? तोही असतो, पण बाकी ठिकाणी रस्त्याचे सगळे दोष मुद्दाम, मोजूनमापून बांधलेले असतात. एका पट्ट्यावर ओबडधोबड दगड बसवलेले असतात, एका ठिकाणी खड्डे असतात, कुठे पाण्याने भरलेला हौद, तर कुठे घाटासारखा उभा चढ. आपल्याकडे खड्डा बुजवायचा असतो, तिथे तो वर्षानुवर्षं जसाच्या तसा जपायचा असतो. नाहीतर आजची मोटार आणि पाच वर्षांपूर्वीची मोटार यांची तुलना कशी करणार?

ब्रेकची एक चाचणी पाहा. डावी चाकं ओल्या, निसरड्या फरशीवर आणि उजवी कोरड्या डांबरावर ठेवून चालक करकचून ब्रेक दाबतो. साधी मोटार अशा वेळी गर्रकन फिरते. एबीएस असलेल्या मोटारीत चाक अडकायला लागलं, की ब्रेक क्षणभर सैल होतो, पुन्हा आवळतो, हे सेकंदाला अनेकदा चालतं, म्हणून मोटार ताब्यात राहते. आपल्याकडे 2019 पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे. पावसात कर्वे रोडवर आपण वाचतो, ते कुणीतरी ट्रॅकवर हजार वेळा घसरून घेतलेलं असतं म्हणून.

वेगाची चाचणी वेगळी. इटलीत नार्दो इथे 1975 मध्ये फियाटने 12.6 किलोमीटरचा गोल ट्रॅक बांधला. 2012 पासून तो पोर्शेकडे आहे. तो परातीच्या काठासारखा बाहेरच्या बाजूला उचललेला आहे. बाहेरच्या मार्गिकेत ताशी 240 किलोमीटर वेग धरला, की मोटार सरळ रस्त्यावर असावी तशी जाते, स्टिअरिंग वळवावंच लागत नाही. जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये मोटारसायकल भिंतीवर टिकते, त्याच नियमाची ही सौम्य आवृत्ती. आपल्या देशात इंदूरजवळ पीथमपूरला 11.3 किलोमीटरचा असा ट्रॅक आहे. पुण्याचे प्रकाश जावडेकर केंद्रात अवजड उद्योगमंत्री असताना, जून 2021 मध्ये, त्यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं.

पुण्याला हा विषय परका नाही. वेताळ टेकडीवरची एआरएआय ही संस्था 1966 पासून वाहनं तपासते आहे. पिंपरीत टाटा मोटर्सचा स्वतःचा ट्रॅक आहे. अहिल्यानगरला लष्करी वाहनांची कसोटी घेणारी व्हीआरडीई आहे.

या सगळ्या ठिकाणी शिस्त एकच. परवानगीशिवाय आत जायचं नाही, दिशा ठरलेली, चालक प्रशिक्षित, रुग्णवाहिका तयार. आणि मुख्य म्हणजे समोरून कुणी येणार नाही, याची खात्री. वेग तिथे चालतो, कारण त्याच्या वाटेत माणूस नसतो.

19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये मात्र माणसं होती. नोंदणीही पूर्ण न झालेल्या पोर्शेने मोटारसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. दोघंही गेले. मोटार अल्पवयीन मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. त्याला जामीन देताना अपघातावर 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, तेव्हा सारं राज्य संतापलं.

निबंधापेक्षा एक साधा हिशोब सांगतो. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरा. ताशी 50 च्या वेगाने मोटार तेवढ्यात 14 मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी सुमारे 14. ताशी 100 ला हेच आकडे 28 आणि 55 होतात. ताशी 150 ला 42 आणि 124. म्हणजे वेग तिप्पट झाला की ब्रेकचं अंतर नऊपट होतं. मोटार पोर्शे असो की जुनी पद्मिनी, या गणितातून कुणाची सुटका नाही. चांगले ब्रेक आकडे थोडे कमी करतात, इतकंच.

ज्याला वेगाची हौस आहे, त्याच्यासाठी चेन्नईजवळ, कोईमतूरला, ग्रेटर नोएडाला शर्यतीचे ट्रॅक आहेत. तिथे जावं, हेल्मेट घालावं, शिकावं. ज्या कंपनीने ती मोटार बनवली, तिनेही तिचा वेग कुंपणाआडच पारखला आहे. आपल्या मुलाच्या हाती किल्ली देताना घरातल्या मोठ्यांनी एवढं तरी त्याला सांगायला हवं.