बॅटरी बिचारी, चोर दुसराच!

सकाळचं प्रॅक्टिकल, वडिलांनी मोठ्या मनानं दिलेली जुनी गाडी आणि सेल्फ मारला की नुसतं टक-टक-टक. शेजारचे दोघं धक्का मारतात, गाडी चालू होते, दिवस निघतो. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘भावा, बॅटरी गेली, नवीन टाक.’ तुम्ही घरातून चार-पाच हजार मागून घेता. आणि पंधरवड्यात नवी बॅटरीही उतरते! आता घरी काय सांगणार?

बॅटरी म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी समजा. टाकी सारखी रिकामी होत असेल तर टाकी जुनी झालीय, ती नीट भरत नाही किंवा खाली कुठंतरी नळ गळतोय. नळ गळत असताना टाकी बदलून काय होणार?

पहिल्या दोन गोष्टी पाच मिनिटांत कळतात. काही शे रुपयांचा मल्टीमीटर लागतो, वर्गातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मित्राकडं तो असतोच. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी बॅटरीचं व्होल्टेज बघा. आत सहा घरं, प्रत्येकात साधारण २.१ व्होल्ट, म्हणजे भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२ किंवा त्याखाली आली तर ती जवळपास रिकामी आहे. आता इंजिन चालू करून बघा. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान गेला तर अल्टरनेटर, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला अजून डायनॅमो म्हणतात तो, भरतोय. (नव्या काही गाड्यांत संगणक हा आकडा खाली-वर करतो.) टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर ती साफ करून क्लॅम्प घट्ट करा. अर्धं दुखणं कधी कधी तिथंच असतं.

हे सगळं ठीक आहे, तरी गाडी रुसते? मग नळ गळतोय. गाडी बंद असतानाही घड्याळ, रिमोट लॉक, संगणकाची मेमरी थोडा करंट खातातच. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. हिशेब करा: छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. दिवसाला १.२ गेले तर ती रिकामी व्हायला महिना लागेल. पण डिकीचा पाच वॅटचा दिवा झाकण लावल्यावरही जळत राहिला तर? तो ०.४ अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला जवळपास १०. तीन दिवसांत खेळ खल्लास! म्हणून गाडी किती दिवस उभी राहिल्यावर बंद पडते, ते वहीत लिहून ठेवा. चोर केवढा आहे, हे त्यावरूनच कळतं.

आता चोर पकडायचा. बारावीचा अमीटर आठवतोय? तो सिरीजमध्ये जोडायचा. गाडी बंद, चावी बाहेर आणि लांब. बॉनेट उघडं ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून टर्मिनल आणि वायर यांच्यामध्ये १० अँपिअरच्या रेंजवर मीटर लावा. हातातलं कडं आणि अंगठी आधी काढा, ही स्टाइल मारायची जागा नाही. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. लगेच आकडा वाचायची घाई नको. गाडीतले संगणक ‘झोपायला’ वीस मिनिटं ते पाऊण तास घेतात. तोवर चहा प्या. त्यानंतरही आकडा २००-३०० मिलिअँपिअरवर अडून असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धपकन पडेल, चोर त्या लाइनवर. फ्यूज परत त्याच जागी बसवायला विसरू नका, आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवलात तर उत्तम.

माझा पहिला संशय नेहमी नंतर बसवलेल्या गोष्टींवर असतो: अॅम्प्लिफायर, डॅशकॅम, जीपीएस. चावीवरच्या लाइनऐवजी कायम चालू असलेल्या लाइनला जोडल्या की त्या रात्रभर जेवत बसतात. दुसरी गोष्ट खास आपल्याकडची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात अनेक गाड्या पाण्यात होत्या. सेकंड हँड घेतलेली गाडी त्यातली असेल तर सीटखालचे, कार्पेटखालचे कनेक्टर उघडून बघा. गंजलेल्या कनेक्टरमधून करंट मुरत राहतो.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर? अल्टरनेटरमधला डायोड खराब असू शकतो. त्याची जाड वायर बहुधा त्या फ्यूजबॉक्समधून जातच नाही. इथं स्वतः हात घालू नका.

‘रोज रात्री वायर काढून ठेव’ हा जुगाड गावाला जाताना ठीक, कायमचा नाही. आणि टाळाटाळही नको. शिसं-आम्लाची बॅटरी पूर्ण उतरून पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती पूर्वीइतकी भरत नाही. म्हणजे गळती काढेपर्यंत नवी बॅटरीही आतून म्हातारी होत जाते.

तेव्हा उद्यमनगरातल्या वायरमनकडं जाल तेव्हा ‘बॅटरी बघा’ म्हणू नका. ‘गाडी बंद असताना करंट किती जातो ते मोजा,’ असं सांगा आणि मीटरवरचा आकडा स्वतः उभं राहून वाचा.