पिसे झडली म्हणजे कोंबडी संपली नाही

पावसाळा सरतो, दिवस लहान होऊ लागतात आणि अंगणातल्या कोंबडीची पिसे गळू लागतात. खुराड्यात पिसांचा सडा पडतो, मान उघडी दिसते, अंडी बंद होतात. मग 'ही आता संपली' असे म्हणून आपल्याकडे अनेक घरांत ती मिळेल त्या भावाने विकली जाते. काही घरांत 'अंडी देत नाही तर दाणे कशाला' म्हणून तिचा खुराक कमी केला जातो. दोन्हींत नुकसान आपलेच होते. अंड्यांच्या पैशांतून मुलांच्या वह्या आणि घरचे तेल-मीठ भागवणाऱ्या आपल्या आयाबहिणींसाठी हे नुकसान लहान नाही. म्हणून हा विषय समजून घेऊ.

पिसे झडणे हा आजार नव्हे. कोंबडी साधारण दीड वर्षाची झाली की जुनी पिसे टाकून नवी धारण करते आणि पुढे बहुधा दरवर्षी तसेच करते. उजेडाचे तास कमी झाले की शरीराला तशी सूचना मिळते. सुरुवात डोके-मानेपासून होते, मग छाती आणि पाठ, शेवटी पंख आणि शेपटी. हे काम साधारण ८ ते १२ आठवडे चालते.

या काळात अंडी का थांबतात? पिसाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. एका अंड्यातही सुमारे ६ ग्रॅम प्रथिने आणि त्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते. दोन्ही कामे एकाच वेळी शरीराला झेपत नाहीत, म्हणून ते आधी पिसांचे काम उरकते.

नेमके याच वेळी आपण तिला नुसती तांदळाची कणी, कोंडा किंवा मक्याचा भरडा टाकतो. तांदूळ आणि मका यांत प्रथिने जेमतेम ७ ते ९ टक्के असतात. अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८ टक्के लागतात आणि पिसे फुटताना १८ ते २० टक्के दिलेली बरी. नुसत्या दाण्याने पोट भरते, पण पिसे लवकर येत नाहीत आणि अंडी आणखी लांबतात.

उपाय घरातलेच आहेत. दाण्यात थोडी सोयाबीन किंवा शेंगदाण्याची पेंड मिसळावी. पेंडीला बुरशी आली असेल तर ती अजिबात देऊ नये, ते विष आहे. पिसांसाठी लागणारी गंधकयुक्त अमिनो आम्ले शेंगदाणा पेंडीत कमी आणि माशांत भरपूर असतात. म्हणून मीठ धुऊन काढलेली सुकट किंवा जवळा थोडा द्यावा. गांडुळे, वाळवी आणि शेवग्याचा पालाही चांगला. कुटलेले शिंपले किंवा भाजून चुरलेली अंड्याची कवचे वेगळ्या वाटीत ठेवावीत. कोंबडी गरजेपुरते खाते. लहान पिलांना मात्र हे देऊ नये. जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

नवी पिसे फुटताना त्यांच्या मुळाशी रक्त असते. तेव्हा हाताळल्यास कोंबडीला दुखते, म्हणून तिला उगाच धरू नये. पिसे गेली पण नवी फुटत नाहीत आणि कातडी लाल दिसते, तर उवा-पिसवा पाहाव्यात व पशुवैद्यकाला दाखवावे. पिसे शाबूत असून ती फुगून एकाच जागी बसून राहत असेल, तर ती खुडूक झाली आहे, हे वेगळे.

काही मोठ्या पोल्ट्र्यांत सगळ्या कोंबड्यांची अंडी एकदम पुन्हा सुरू व्हावीत म्हणून त्यांना अनेक दिवस उपाशी ठेवून पिसे झडवण्याची पद्धत चालत आली आहे. पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्नपाणी न देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. अंगणात हीच गोष्ट आपण नकळत करतो, एवढाच फरक.

पिसे भरून तुरा पुन्हा लालभडक झाला की अंडी जवळ आली असे समजावे. अंडी पहिल्या वर्षापेक्षा थोडी कमी मिळतील, पण बहुधा मोठी असतील. व्यापारी दारात आला, तर तोवर त्याला थांबायला सांगा.