पॅचमध्ये औषध पूर्ण आहे, मग त्वचेत कमी का जातंय?

जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि मे महिन्यात पत्र्याखाली बसवत नाही. तिथल्या एखाद्या पाड्यावर कॅन्सरच्या रुग्णासाठी वेदनाशामक पॅच आणून ठेवले. पाकीट शाबूत असेल तोवर ओल अडते, उष्णता मात्र आत जातेच. मग जुना पॅच नव्याइतकंच औषध सोडेल का?

बऱ्याच पॅचमध्ये औषध चिकट थरातच विरघळवलेलं असतं. त्वचेत शिरतं ते फक्त विरघळलेलं औषध. जोर जास्त मिळावा म्हणून कधीकधी थराच्या क्षमतेपेक्षा जास्त औषध भरतात, आणि गोची तिथेच होते. वाढीव औषध हळूहळू स्फटिक होऊन बाहेर पडतं. ओल शिरली तर काही औषधांत हे लवकर होतं. एस्ट्राडायॉल पाणी धरून स्फटिक बनवतं.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे पार्किन्सन्सचा रोटिगोटिन पॅच. त्यात हिमकणांसारखे स्फटिक दिसले आणि २००८ मध्ये तो अमेरिकेच्या बाजारातून काढावा लागला. युरोपात तो थंड ठेवून पुरवला गेला. अमेरिकेत परतला तो २०१२ मध्ये, नव्या घडणीत. आपल्याकडे लसीची शीतसाखळी आरोग्य केंद्रापर्यंत पोचते. रुग्णाच्या घरात फ्रिज कुठून आणायचा?

आता प्रयोगाचं. मी सुरुवातीचे कित्येक आठवडे एचपीएलसीवर फक्त एकूण औषध मोजत बसले. आकडा दर वेळी छान! कारण त्यासाठी अख्खा पॅच द्रावकात विरघळवतो, मग स्फटिकही मोजले जातात. म्हणून ३२ अंश सेल्सिअसला, म्हणजे त्वचेच्या तापमानाला, औषध किती वेगाने सुटतं हे वेगळं बघावंच लागतं. सोबत ध्रुवित प्रकाशाचा मायक्रोस्कोप हवा. स्फटिक चमकतात, लगेच कळतं.

दुसरी गोष्ट गाईडने सांगेपर्यंत माझ्या डोक्यात आली नव्हती. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेची ६ महिन्यांची वेगवान चाचणी पास झाली म्हणून निश्चिंत होऊ नका. गरम थरात औषध जास्त विरघळतं, त्यामुळे तिथे न दिसलेले स्फटिक खोलीच्या तापमानाला दिसू शकतात. त्याच बॅचचे नमुने पहिल्या दिवसापासून ३० अंशालाही ठेवा, आणि काही नमुने दिवसा गरम, रात्री थंड असे फिरवा. पत्र्याच्या घरात तसंच होतं.

(अंगावरचा पॅच उन्हात तापला की औषध उलट जास्त जातं. तो धोका वेगळा, त्यावर पुढच्या वेळी.)