गोधडीचा त्रिकोणी काठ

गोधडीला मोजमाप कशाला, असे पुष्कळ जणींना वाटते, आणि साध्या गोधडीपुरते ते खरेही आहे. खाली जुने पातळ अंथरायचे, त्यावर तुकडे मांडायचे, कडा आत दुमडायच्या आणि धावदोरा घालीत जायचे. एखादा तुकडा बोटभर कमी पडला तर शेजारच्याला थोडे पुढे सरकवायचे. खालचे कापड सगळ्यांना सांभाळून घेते. यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी स्त्रिया आपली कवंद अशाच रीतीने शिवतात. कडेपासून सुरुवात करून त्या आत आत मध्यापर्यंत येतात आणि चार कोपऱ्यांवर घडीचे त्रिकोणी तुकडे, त्यांच्या भाषेत 'फूल', बसवल्याशिवाय काम पुरे झाले असे मानीत नाहीत. त्यांचे फूटपट्टीवाचून काही अडत नाही.

पण गोधडीला गडद-फिक्या त्रिकोणांचा काठ लावायचा म्हटले की मामला बदलतो. इथे खाली सांभाळून घेणारे कापड नसते. तुकड्याला तुकडा जोडूनच पट्टी तयार होते आणि एकाची चूक दुसऱ्याच्या अंगावर जाते. सुतार ज्याला एक सूत म्हणतात तो इंचाचा आठवा भाग. आपण त्याच्याही निम्मे, म्हणजे अर्धे सूत घेऊ. ४८ इंचांच्या पट्टीत २५ तुकडे आणि २४ शिवणी येतात. प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकडे अर्धे अर्धे सूत जास्त दाबले गेले, तर शिवणी तिरक्या असल्यामुळे पट्टी चार इंचांहून अधिक आखूड होते. मग ती ओढूनताणून बसवावी लागते, आणि गोधडीच्या कडेला पापडासारख्या लाटा येतात.

मला हा हिशेब काटेकोरपणे करावा लागला, त्याला कारण होते. सासूबाई गेल्यावर त्यांचे एक निळे इरकली नऊवारी माझ्याकडे आले. वन्संनी त्याची गोधडी मागितली. पातळ बसाय-उठायच्या जागी विरलेले. धड कापड निघाले ते जेमतेम काठापुरते. बाजारात नवे इरकली मिळेल, पण हे मिळणार नाही. तेव्हा कात्री चालवायची ती एकदाच, हे आधीच ठरवून टाकले. पदर मात्र बाजूला ठेवला. इरकलीचा पदर मागावरच वेगळ्या ताण्याने अंगाला जोडलेला असतो. त्यात रेशीम असते आणि ते सुताबरोबर सारखे आटत नाही. एकाच पट्टीत दोन्ही घातली तर पहिल्याच धुण्यात भांडण सुरू!

फिक्या त्रिकोणांना मांजरपाट घेतला. नवा मांजरपाट धुतल्यावर आटतो, म्हणून तो आधी गरम पाण्यात भिजवून धुवून घ्यावा. जुने पातळ आटायचे तेवढे केव्हाच आटलेले असते; त्याला अडचण वेगळी, ते मऊ पडून कात्रीखाली सरकते. त्याला हलकी खळ करून इस्त्री फिरवावी, म्हणजे कागदासारखे उभे राहते. कडेचा एक दोरा टाचणीने उचलून ओढून काढला की त्या जागी बारीक रेघ उमटते. आखणी त्या रेघेवरून करावी. जुन्या कापडाच्या कडेवर विश्वास ठेवू नये.

आता मुख्य गोष्ट. कापड उभे-आडवे ओढले तर फारसे ताणत नाही. कोनात, म्हणजे उरेब ओढले तर रबरासारखे लांबते. त्रिकोणाच्या तीन बाजूंपैकी काही तरी उरेब येणारच. ती कुठे येऊ द्यायची, हे आपल्या हाती आहे. काठाच्या त्रिकोणाचा लांब पाया पट्टीच्या कडेला येतो, म्हणून पाया सरळ दोऱ्यावर हवा आणि उरेब बाजू आत शिवणीत लपायला हव्यात. त्यासाठी त्रिकोण सुटे आखूच नयेत. चौरस कापावा आणि दोन्ही कर्णांवर छेद देऊन त्याचे चार त्रिकोण करावेत. चारांचेही पाये आपोआप सरळ दोऱ्यावर येतात.

तयार पाया चार इंचांचा हवा असेल तर चौरस सव्वापाच इंचांचा घ्यावा. दोन्हीकडे पाव-पाव इंच माया धरून साडेचार इंच घेणाऱ्या पुष्कळ जणी मी पाहिल्या आहेत. तिरक्या टोकाला माया जास्त लागते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही, आणि मग प्रत्येक त्रिकोणाचे टोक शिवणीत गिळले जाते. पट्टीच्या दोन्ही टोकांना जे अर्धे त्रिकोण लागतात ते पावणेतीन इंच आणि वर एक सूत एवढ्या चौरसाला एकच छेद देऊन काढावेत. कोपऱ्यांना अडीच इंचांचे चौरस पुरतात. शिवल्यावर ते दोन इंचांचे होतात.

मधली गोधडी ४८ बाय ६० इंचांची असेल, तर गडद त्रिकोण ५४ लागतात, म्हणजे १४ चौरस. फिके पूर्ण त्रिकोण ५०, म्हणजे १३ चौरस. शिवाय आठ अर्धे.

नमुना पुठ्ठ्याचा केलात तर आखून आखून त्याच्या कडा झिजतात. घरात जुनी एक्स-रेची फिल्म पडून असेल तर ती उत्तम. पहिला तुकडा ठेवून दुसरा, दुसरा ठेवून तिसरा, असे कधीही कापू नये. पेन्सिलीच्या रेघेची जाडी दर वेळी भर घालते आणि विसावा तुकडा पहिल्याचा मोठा भाऊ होऊन बसतो. १९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीने फिरत्या पात्याचा कटर काढला. त्याने एका वेळी चार घड्या कापता येतात. पण धारदार कात्री आणि एकेरी कापड, यांनी काही कमी नेमके काम होत नाही; वेळ तेवढा लागतो.

जोडताना दोन त्रिकोणांच्या कडा जुळवल्या तरी टोकांचे कान बाहेर डोकावतात. ते डोकावायलाच हवेत. कान आत ओढून टोकाला टोक लावले की पट्टी पायऱ्यापायऱ्यांची होते. शिवणीची रेघ जिथे संपते तिथे टाचणी आरपार घालून दुसऱ्या तुकड्याच्या त्याच ठिकाणी ती निघते का, ते पाहावे. सुरुवातीचे चार तुकडे जोडून झाले की मोजून घ्यावे. फरक असेल तर तिथेच कळतो, पंचविसाव्या तुकड्याला नाही. शिवण गडद बाजूला दाबावी, नाहीतर मांजरपाटातून निळी सावली दिसते. इस्त्री वरून दाबावी, घासत नेऊ नये.

पट्टी लावण्यापूर्वी गोधडीचे माप मध्यावर घ्यावे. कडा हाताळून सैल पडलेल्या असतात आणि खोटे बोलतात. मध्याला मध्य टाचावा, मग पाव-पाव भाग, मग टोके.

१४ चौरसांतून ५६ त्रिकोण निघतात आणि १३ चौरसांतून ५२. म्हणजे दोन निळे आणि दोन पांढरे उरले. वन्सं गोधडी नेतील तेव्हा ते चारही एका पाकिटात घालून बरोबर द्यायचे आहेत. पुढेमागे काठ कुठे विरला तर बदलायला त्याच पातळाचे कापड हाताशी असेल.