मंदीच्या ताटापलीकडचा येमेन

जुन्या मुंबई-पुणे महामार्गानं देहूरोडहून निगडीकडे जाताना बिर्याणीच्या पाट्यांच्या जोडीला आता 'अरेबियन मंदी' या मांस-भाताच्याही पाट्या दिसू लागल्या आहेत. पाटीवर एक उंट, एक खजुराचं झाड आणि मागे वाळूच्या टेकड्या. फारच हौस असेल तर दुबईचा मनोराही असतो. मंदी ज्या मुलखातून आली त्या येमेनच्या हद्रमौत भागाचा त्या मनोऱ्याशी काडीचा संबंध नाही. मुळात आपल्याकडे येमेनचं नाव निघतं ते युद्धाच्या बातमीपुरतं. बातमी खरीच असते. पण तिच्या आजूबाजूला जे चित्र आपण मनानं रंगवतो, ते बहुतेक सगळं दुसऱ्याच कुठल्या तरी देशाचं असतं.

'अरब देश म्हटला की वाळवंटच'

येमेनच्या ईशान्येला रुब अल-खालीचं वाळवंट आहे, हे खरं. पण देशातली बरीचशी माणसं राहतात ती पश्चिमेच्या डोंगराळ पट्ट्यात. राजधानी सना समुद्रसपाटीपासून २२०० मीटरहून अधिक उंचीवर वसली आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे सनातल्या माणसाचं अंगणच आपल्या सर्वोच्च शिखरापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त उंच. जवळचा जबल अन-नबी शुऐब हा डोंगर तर ३६०० मीटरच्या पुढे जातो. अख्ख्या अरबी द्वीपकल्पात त्याच्याहून उंच काही नाही. या डोंगरांना उन्हाळी पाऊस अडतो. इब्ब शहराच्या परिसरात काही ठिकाणी वर्षाला १००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पुणे शहराला इतका पाऊस दरवर्षी मिळत नाही.

त्या पावसावर शेकडो वर्षांपासून डोंगरउतारांवर दगडी बांध रचून पायऱ्या-पायऱ्यांची शेतं केली आहेत, आणि त्यांत पिकते ती ज्वारी. खजूर खाऊन जगणारा अरब आपल्या डोक्यात पक्का बसलेला असतो. येमेनच्या डोंगरातला शेतकरी मात्र ज्वारीच्या पिठाची उकड हाटून, तिचा गोळा थाळीत मध्यभागी ठेवून, भोवती रस्सा ओतून खातो. तिला असीद म्हणतात. ज्वारीच्याच आंबवलेल्या पिठाचं जाळीदार लहूह करतात आणि ते दह्यात भिजवून शफूत.

अरब म्हणजे तंबूत राहणारा, हा समजही तसाच. हद्रमौतमधलं शिबाम हे शहर मातीच्या कच्च्या विटांच्या बहुमजली घरांचं आहे. यातली काही घरं सात-आठ मजल्यांपर्यंत जातात आणि शहराची आखणी सोळाव्या शतकातली आहे. १९८२ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारशात घेतलं. सनाच्या जुन्या शहराला तो मान १९८६ मध्ये मिळाला. तिथली घरं भाजक्या विटांची, त्यांवर पांढऱ्या जिप्समची नक्षी. खाली कोठार नि जनावरं, आणि अगदी वरच्या मजल्यावर पाहुण्यांची खोली. चाकण-मोशीत आपण 'टॉवर संस्कृती आली' म्हणून हळहळतो, ती यांच्याकडे चारशे-पाचशे वर्षं नांदते आहे.

'तेल आहे म्हणजे पैसा असणारच'

थोडं तेल आहे, पण शेजाऱ्यांच्या मानानं किरकोळ. येमेन हा अरब जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक आहे, आणि २०१४-१५ पासूनच्या युद्धानं उरलंसुरलंही नेलं. तिथे सुलतान किंवा राजाही नाही. उत्तरेत १९६२ मध्ये राजेशाही गेली, दक्षिण १९६७ मध्ये ब्रिटिशांकडून सुटली आणि २२ मे १९९० रोजी दोन्ही मिळून आजचं प्रजासत्ताक झालं.

'अरबांचं जेवण मिळमिळीत, आणि मंदी म्हणजे त्यांची बिर्याणी'

इथे जरा थांबायला हवं, कारण मंदीच्या दुकानात सर्वांत जास्त ऐकू येणारी वाक्यं हीच.

मंदी आणि बिर्याणी यांची कृतीच वेगळी. बिर्याणीत मसाल्यात मुरलेलं मटण आणि अर्धवट शिजलेला भात एकमेकांवर थर देऊन दमावर ठेवतात. मंदीला जमिनीतली भट्टी लागते. खाली निखारे, त्यावर भाताचं पातेलं आणि त्याच्या वर मसाला चोळलेलं मांस. मग भट्टीचं तोंड बंद. मांसाचा रस नि चरबी ठिबकत भातात उतरते आणि धुराचा वास आपोआप लागतो. भाताला जी चव येते ती वरून ठिबकलेली असते, ढवळून घातलेली नसते. त्यामुळे पिवळ्या भातावर वेगळी तळलेली कोंबडी ठेवून कुणी ताट पुढे केलं, तर ते खावं, पण त्याला मंदी म्हणायची गरज नाही.

मंदी हा एका प्रांताचा पदार्थ आहे. सनाच्या डोंगराळ भागाची खरी ओळख म्हणजे सल्ता. दुपारच्या वेळी सनातल्या खाणावळीत भट्ट्या घोंघावत असतात आणि थेट जाळावर काळ्या दगडाची भांडी ठेवलेली असतात. त्यांत रस्सा, मटणाचे धागे, बटाटा, भेंडी, कधी अंडं. वर येतो तो हुल्बा, म्हणजे आपली मेथीच. मेथीची पूड काही तास पाण्यात भिजवायची, कडवट पाणी ओतून टाकायचं आणि उरलेला लगदा हातानं फेटत राहायचा. फेटता फेटता तो पांढरा होतो, फुगतो. तो रश्श्यावर घालायचा आणि भांडं चिमट्यानं उचलून, उकळतं तसंच, गिऱ्हाइकापुढे. चमचा नसतो, भाकरीचा तुकडा मोडून बुडवायचा.

सोबत सहाविक असतंच: हिरव्या मिरच्या, लसूण, कोथिंबीर, कधी टोमॅटो, सगळं दगडावर वाटलेलं. मावळातल्या माणसाला त्यात नवीन वाटेल असं काही नाही. हा सरळ ठेचाच आहे. मिळमिळीत जेवणाचा आरोप येमेनवर करणाऱ्यानं एकदा तो नुसता खाऊन दाखवावा.

कॉफीबद्दलही एक अर्धवट समज आहे. रोप मूळ इथिओपियातलं, पण पंधराव्या शतकात येमेनच्या सूफींनी रात्रीच्या जागरणासाठी ती पिण्याची रीत रुजवली आणि मोखा बंदरातून तिचा जगभर व्यापार झाला. चिकमगळूरला बाबा बुडन यांनी बिया आणल्या त्याही येमेनहूनच, अशी परंपरागत कथा आहे. गंमत अशी की येमेनी घरात बऱ्याचदा दाणे नसतात, टरफलं असतात. दाणा बाजारात विकायचा आणि वाळलेली टरफलं आल्याबरोबर उकळून प्यायची. या पेयाला किश्र म्हणतात. पण आता कॉफीचे मळे तोडून तिथे काता हे तरतरी आणणाऱ्या पानांचं झुडूप लावलं जातं. दुपारनंतर गालात त्याच्या पानांचा बोकाणा धरून बसणं ही येमेनी पुरुषांची रोजची सवय, आणि या पिकानं देशाचं बरंच भूजल शोषून घेतलं आहे.

'त्यांचा आपला काय संबंध?'

हा गैरसमज मला सर्वांत मोठा वाटतो.

१९ जानेवारी १८३९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीनं एडन जिंकलं आणि १९३२ पर्यंत ते मुंबई इलाख्यात होतं. १९३७ मध्ये ते भारतापासून तोडण्यात आलं, तरी रुपया आणखी काही वर्षं तिथे चालत राहिला. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना कुठल्या तरी परक्या देशात हद्दपार केलं, असं अनेकांना वाटतं. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केलेल्या या माणसाला सरकारनं मुंबई सरकारच्याच ताब्यातल्या एडनच्या तुरुंगात ठेवलं होतं. कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट काढून ते पळाले, पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच वारले. लष्करी डेपो आणि फॅक्टरीच्या कारकुनांनी भरलेल्या देहूरोडनं तरी एडन हे नाव या कारणासाठी लक्षात ठेवावं.

इलाख्याच्या त्या शंभरेक वर्षांच्या खुणा एडनच्या स्वयंपाकघरात अजून सापडतात. तिथला झुरबियान म्हणजे दही-बटाट्याची बिर्याणी, पोळी 'तवा' नावाची, आणि वेलदोड्याचा दुधाळ चहा.

माणसं उलट दिशेनंही आली.  देहूरोडहून दर १ जानेवारीला कोरेगाव भीमाला जाणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल की १८१८ च्या त्या लढाईत पेशव्यांच्या बाजूनं गावात शिरून लढणाऱ्यांत अरब शिपाई होते? त्याच वर्षी मालेगावच्या किल्ल्यात अरब शिबंदीनं इंग्रजांना आठवड्यांमागून आठवडे झुंजवलं. निजामाच्या फौजेतले अरब तर थेट येमेनच्या हद्रमौत आणि याफा भागांतले. त्यांचे वंशज म्हणजे हैदराबादच्या बारकसमधले आणि मराठवाड्यातले चाऊस. चाकणच्या एखाद्या कारखान्यात परभणी-नांदेडकडचा चाऊस आडनावाचा सहकारी असेल, तर त्याच्या पणजोबा-खापरपणजोबांचं गाव तुमच्या ताटातल्या मंदीच्याच मुलखातलं असण्याची शक्यता दाट आहे. निजामाचे जमादार उमर बिन अवध अल-कुऐती यांच्या घराण्यानं हैदराबादच्या कमाईवर हद्रमौतच्या किनाऱ्यावर राज्य उभं केलं. ते १९६७ पर्यंत टिकलं.

आणि पिंपरी-चिंचवडमध्ये नट-बोल्ट, काच, रंग घ्यायला आपण ज्या बोहरा दुकानदारांकडे जातो, त्यांच्या पंथाची गादी सोळाव्या शतकात गुजरातेत आली ती येमेनमधून. तिथल्या हराझ डोंगरातलं हुतैब हे त्यांचं तीर्थक्षेत्र, आणि त्या भागात काता उपटून पुन्हा कॉफी लावण्यासाठी बोहरांनी बराच जोर लावला आहे. या पंथाच्या 'दाई' या धर्मगुरुपदाची स्थापना केली ती जिबला इथून राज्य करणाऱ्या राणी अरवा यांनी, बाराव्या शतकात. येमेनी बाई पडद्याआड असते एवढंच ठाऊक असणाऱ्यांसाठी हेही सांगायला हवं की २०११ मध्ये शांततेचं नोबेल मिळवणारी पहिली अरब स्त्री, तवक्कुल करमान, येमेनचीच.

'मग जाऊन बघू की'

सध्या नाही. एप्रिल २०१५ मध्ये भारत सरकारनं 'ऑपरेशन राहत'मध्ये ४६०० हून अधिक भारतीयांना येमेनमधून बाहेर काढलं, आणि २०१७ पासून भारतीय नागरिकांना तिथे जायला सरकारची बंदी आहे. ज्याला दक्षिण अरबस्तान डोळ्यांनी पाहायचंच आहे त्यानं ओमानमधल्या सलालाला जावं. हा धोफारचा भाग येमेनच्या सीमेलगत आहे. जून ते सप्टेंबर आपल्याच मोसमी वाऱ्यांनी तिथले डोंगर धुक्यात नि हिरवळीत बुडतात. जाळायचा धूप ज्यांच्या खोडातून झिरपतो ती झाडंही तिथे उभी दिसतात. फक्त तिकीट काढताना मे महिना टाळा. तेव्हा डोंगर कोरडेच असतात.