भाराचा सांधा

ताम्हिणीच्या घाटात किंवा भंडारदऱ्याच्या कच्च्या वाटांवर आजही एखादी जुनी टाटा सफारी भेटते. १९९८ साली पुण्यात बनू लागलेली ही गाडी आणि २००२ साली नाशिकहून आलेली महिंद्रा स्कॉर्पिओ, या दोघींनी फोर व्हील ड्राइव्ह शेतावरच्या जीपपुरता न ठेवता घरच्या गाडीतही रुळवला. त्यातल्या कितीतरी गाड्या आता वीस वर्षांच्या झाल्या आहेत. इंजिन ठणठणीत असतं, पत्राही टिकलेला असतो. पण खड्ड्यात पुढून 'खट्' असा आवाज येऊ लागतो, गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढते आणि नवा टायर काही महिन्यांत आतल्या कडेने खाल्ला जातो. मेकॅनिक चाक हलवून सांगतो, "बॉल जॉइंट गेलाय."

मुठीत मावेल एवढा हा भाग. पोलादी दांड्याच्या टोकाला गुळगुळीत गोळा, गोळ्याभोवती घट्ट वाटी, आत ग्रीस आणि वर रबरी बूट. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत फिरतो, तोच हा उखळीचा सांधा. पुढच्या चाकाला दोन कामं एकाच वेळी करायची असतात. रस्त्याप्रमाणे वरखाली व्हायचं आणि स्टिअरिंगप्रमाणे वळायचं. चाक ज्या नकलवर बसतं त्याला वरचा आणि खालचा असे दोन आर्म धरून ठेवतात. नकल आणि आर्म यांच्या मधोमध हा सांधा असतो, म्हणून दोन्ही हालचाली एकाच ठिकाणी होऊ शकतात.

पूर्वी हे काम किंगपिन करत असे. महिंद्राच्या एमएम ५४० सारख्या जुन्या जीपमध्ये पुढे अखंड ॲक्सल असतो आणि नकल किंगपिनच्या बेअरिंगवर फिरतो. ही रचना दणकट, पण जड आणि मर्यादित हालचालीची. अमेरिकेत १९५२ च्या लिंकन गाडीने पुढच्या सस्पेन्शनमध्ये बॉल जॉइंट आणला आणि पुढच्या काही वर्षांत मोटारींमधून किंगपिन मागे पडत गेला.

सांधा सुटसुटीत झाला, तशी त्याच्यावरची जबाबदारीही एकवटली. दोन्ही आर्मपैकी ज्यावर स्प्रिंगचा किंवा टॉर्शन बारचा जोर येतो, त्याच्या जॉइंटमधून गाडीच्या त्या कोपऱ्याचं वजन रस्त्यापर्यंत पोचतं. दुसरा जॉइंट मुख्यतः चाकाला दिशेत ठेवतो. भारवाहू जॉइंट झिजून वाटीतून निसटला तर चाक बाहेरच्या बाजूला मुडपतं आणि स्टिअरिंगला काही अर्थ उरत नाही. २००५ साली टोयोटाने अमेरिकेत साडेसात लाखांहून अधिक पिकअप आणि एसयूव्ही परत बोलावल्या, त्या खालच्या बॉल जॉइंटपायी. कारखान्यातच गोळ्याच्या पृष्ठभागावर ओरखडे राहिले असण्याची शक्यता होती. ओरखडा म्हणजे झीज, झीज म्हणजे प्ले, अर्थात सैलपणा, आणि प्ले वाढत गेला की सांधा सुटतो.

कारखान्यातल्या ओरखड्याने एवढं होतं, तर आपल्या रस्त्यांवर काय होत असेल याचा विचार करावा. बूट एकदा फाटला की पावसाळ्यातलं चिखलपाणी आत जातं, ग्रीस धुतलं जातं आणि बारीक वाळू गोळ्याला घासत राहते. कोकणात खारी हवा त्यात भर घालते. म्हणून जॉइंट बदलण्याची वेळ येण्याआधीची खरी देखभाल म्हणजे दर सर्व्हिसला बुटावर नजर टाकणं आणि ग्रीस निपल असेल तर बूट किंचित फुगेल इतकंच ग्रीस भरणं. जास्त दाबलं तर बूट फाटतो.

प्ले तपासण्याची रीत मात्र बहुतेक जण चुकवतात. गाडी चेसिसखाली जॅक लावून उचलतात, चाक हलवतात आणि "घट्ट आहे" म्हणून सोडून देतात. स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल, तर अशा वेळी स्प्रिंग आर्मला खाली ढकलून धरते, जॉइंट ताणलेला राहतो आणि झीज लपते. जॅक खालच्या आर्मखाली, शक्य तितका चाकाजवळ लावावा. मग जॉइंटवरचा ताण जातो. टायरखाली पहार घालून हलकेच वर उचललं की गोळा वाटीत किती खेळतो ते डोळ्यांनी दिसतं. स्प्रिंगचा जोर वरच्या आर्मवर असलेल्या गाडीत रीत वेगळी असते, म्हणून आपल्या गाडीची रचना आधी पाहावी.

चाक वरून आणि खालून धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगावं. खेळ नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा. तसाच राहिला तर संशय बॉल जॉइंटवर. डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खेळ दिसला तर टाय रॉड एंड बघावा. एवढ्या तपासणीने नको असलेला खर्च टळतो.

घरी काम करायचं तर जमीन सपाट आणि टणक हवी. मागच्या चाकांना अडसर, चेसिसखाली मजबूत स्टँड, आणि काढलेलं चाकही चेसिसखाली आडवं ठेवलेलं. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. ब्रेक कॅलिपर काढला की तो तारेने आर्मला बांधावा. होजवर लोंबकळू देऊ नये. फोर व्हील ड्राइव्हमध्ये नकलच्या मधून ड्राइव्ह शाफ्टही जातो, त्यामुळे हबचा नट सोडावा लागतो आणि नकल बाहेर कलताना सीव्ही जॉइंट ताणला जाणार नाही हे पाहावं लागतं.

आता खरी कसोटी. जॉइंटचा दांडा नकलमध्ये टेपरने, म्हणजे निमुळत्या आकाराने, बसलेला असतो. नट त्याला ओढून धरतो, पण पकड टेपरची असते. स्प्लिट पिन काढून नट काही आटे सैल करावा, पूर्ण काढू नये. खालच्या आर्मखाली जॅक टेकवलेला असावा. पुलर लावून ताण द्यावा आणि नकलच्या बाजूला, टेपर बसला आहे त्या ठिकाणी, हातोड्याने जोरकस घाव घालावा. भोकाचा आकार क्षणभर बदलतो आणि टेपर 'टण्' करून सुटतो. त्या क्षणी स्प्रिंगमध्ये साठलेला जोर मोकळा होऊ पाहतो. सैल ठेवलेला नट आणि खालचा जॅक त्याला अडवतात. ज्याने नट आधीच काढून टाकलेला असतो, त्याच्या हाताला हा जोर बसू शकतो. टॉर्शन बार सैल करायचा असेल तर ॲडजस्टरवर आधी रंगाची खूण करावी, नाहीतर गाडीची उंची पुन्हा जुळवताना दिवस जातो.

जुना जॉइंट आर्ममध्ये बोल्टने बसलेला असेल तर काम सोपं. दाबून बसवलेला असेल तर सर्क्लिप काढून सी क्लॅम्पसारख्या प्रेसने तो ढकलावा लागतो. नवा जॉइंट सरळ रेषेत शिरतोय याची खात्री प्रत्येक अर्ध्या फेरीला करावी. तिरका शिरला तर आर्मचं भोकच खराब होतं. गंजलेल्या, ओव्हल झालेल्या भोकात नवा जॉइंट बसवून उपयोग नाही, आर्मच बदलावा.

पुण्यातल्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्पेअर पार्ट घेताना या एका वस्तूत काटकसर करू नये. नवा टेपर कोरडा आणि स्वच्छ असावा, त्याला ग्रीस लावू नये. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळावा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळावा, मागे कधीही सोडू नये. पिन दर वेळी नवी. आर्मचे रबरी बुश सैल केले असतील तर त्यांचे बोल्ट गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

सर्वात शेवटी व्हील अलाइनमेंट. कॅम्बर, कास्टर आणि टो जुळल्याशिवाय नवा टायर पुन्हा आतून खाल्ला जाईल. काही दिवस गाडी चालवल्यावर पिन, बूट आणि नट पुन्हा तपासावेत.

या कामात ताकद लागते, पण त्याहून जास्त लागतं ते गाडीचं वजन कुठून कुठे जातंय याचं भान. तपासताना जॅक कुठे लावायचा, नट किती सोडायचा, बुश कधी आवळायचा, या सगळ्या प्रश्नांचं उत्तर त्याच भानातून मिळतं. ते नसेल तर काम अनुभवी गॅरेजकडे द्यावं, आणि शेजारी उभं राहून पाहावं. जुन्या गाडीच्या मालकाने एवढं तरी शिकायलाच हवं, कारण घाटातल्या प्रत्येक वळणावर आपली आणि समोरून येणाऱ्याची सुरक्षा याच सांध्यावर टेकलेली असते.