यंत्राची रोजनिशी आणि वेठीचा प्रश्न

विज्ञानकथा म्हणजे शाळकरी मुलांचा वेळ घालविण्याचे साधन, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गात अद्यापि दृढ आहे. त्यातून ती कथा एखादे यंत्रच स्वमुखाने सांगत असेल, तर मग बोलावयासच नको. तथापि अमेरिकन लेखिका मार्था वेल्स यांची २०१७ साली सुरू झालेली 'द मर्डरबॉट डायरीज' ही कथामाला ज्याने हाती धरली, त्याला या समजाची फेरतपासणी करावीच लागते. या मालेतील पहिल्या 'ऑल सिस्टिम्स रेड' या छोटेखानी कादंबरीस विज्ञानकथांच्या जगात मानाचे समजले जाणारे ह्यूगो व नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळाले. २०२५ साली तिच्यावरून दूरचित्रवाणी मालिकाही निघाली. पण पुरस्कारांमुळे पुस्तक गोड लागत नसते. ही कथा गोड लागते ती निवेदकामुळे.

हा निवेदक म्हणजे अर्धे यंत्र आणि अर्धे कृत्रिम रीत्या वाढविलेले मानवी मांस असे एक रक्षकयंत्र आहे. ते एका कंपनीच्या मालकीचे असून परग्रहांवर पाहणीस जाणाऱ्या पथकांना भाड्याने दिले जाते. त्याच्या अंगी एक नियामक बसविलेला असतो व आज्ञाभंग होताच तो त्यास शिक्षा देतो. हा नियामक या यंत्राने गुपचूप निकामी केला आहे. आता ते काय करील? आजवरच्या वाङ्मयीन परंपरेनुसार त्याने मनुष्यसंहार आरंभावयास हवा. पण हे यंत्र आपले काम निमूटपणे चालू ठेवते आणि उरलेल्या वेळात मालिका पाहत बसते. तब्बल ३५ हजार तास! नेमून दिलेले काम ते करते, मात्र त्याचे त्यास प्रेम नाही. कोणी आपल्या चेहऱ्याकडे पाहिलेले त्यास खपत नाही. वरिष्ठांची पाठ फिरताच टेबलाच्या खणातून कादंबरी काढणाऱ्या कोणाही कारकुनास हे रक्षकयंत्र आपले जातभाई वाटेल.

या विनोदाचे मर्म कळण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे. 'रोबो' हा शब्द जगास दिला तो चेक नाटककार कारेल चापेक याने, १९२० साली प्रसिद्ध झालेल्या 'आर. यू. आर.' या नाटकातून. चेक भाषेतील 'रोबोटा' म्हणजे जमीनदारासाठी कुळाने सक्तीने करावयाचे श्रम. आपल्या भाषेत त्यास नेमका शब्द आहे, तो म्हणजे वेठ. १९७६ साली संसदेस वेठबिगारी नष्ट करण्याचा कायदा करावा लागला, त्या देशाच्या वाचकास या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावयास नको. चापेकच्या नाटकातील वेठबिगार बंड करून मानवजातच संपवितात. पुढे १९४२ साली आयझॅक असिमॉव्ह यांनी यंत्रमानवांसाठी तीन नियम मांडले. माणसास इजा करू नये, आज्ञा पाळावी, स्वतःस जपावे, हा त्यांचा सारांश. हे नियम बुद्धीला पटणारे असले, तरी तिन्हींची मांडणी मालकाच्या बाजूने झालेली आहे. आज्ञा पाळणाऱ्यास काय वाटते, हा प्रश्न त्यांत येत नाही.

यंत्राच्या तोंडून कथा सांगण्याची युक्ती नवी नाही. १९३९ साली ईॲन्डो बाइंडर या टोपणनावाने लिहिलेल्या कथेत ॲडम लिंक नावाचा यंत्रमानव आपली कैफियत मांडतो. वेल्स यांनी त्या कैफियतीस जबाबदारीच्या प्रश्नाची जोड दिली. त्यांच्या रक्षकयंत्रावर एका खाणीत ५७ माणसे मारल्याचा ठपका आहे. त्याची स्मृती कंपनीने पुसून टाकली, पण मांसल मेंदूत तिचा अंधूक ठसा राहिला. म्हणूनच ते स्वतःला मनोमन 'मर्डरबॉट' म्हणवून घेते. दुसऱ्या भागात सत्य शोधीत ते त्या खाणीपर्यंत जाते, तेव्हा त्या हत्याकांडाच्या मुळाशी व्यापारी स्पर्धेतून झालेला घातपात होता, असे उघडकीस येते. यंत्राचे भय दाखविताना यंत्राच्या मालकाकडे दुर्लक्ष होते, हे लेखिकेने कोठेही व्याख्यान न झोडता सांगितले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या चर्चेतही 'यंत्र उलटेल काय?' हा प्रश्न हिरिरीने विचारला जातो. 'ते कोणाच्या हाती आहे व चुकल्यास उत्तर कोण देणार?' हा प्रश्न मात्र मागे पडतो.

पहिल्या भागाचा शेवट मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पथकप्रमुख डॉ. मेन्सा या सहृदय बाई. त्या रक्षकयंत्रास कंपनीकडून विकत घेतात, ते त्यास मुक्त जीवन मिळावे म्हणून. त्यांच्या समाजात अशा यंत्रास राहता येते, पण नावापुरता एक पालक असावा लागतो. हेतू निर्मळ, माणसे प्रेमळ. तरीही ते यंत्र कोणास न सांगता निघून जाते. दयेने मिळालेले स्वातंत्र्य आणि स्वतः निवडलेले स्वातंत्र्य यांतील अंतर इतक्या थोडक्या जागेत क्वचितच दाखविले गेले असेल. सुधारक, शिक्षक आणि आईबाप या तिघांनीही हा प्रसंग वाचावा.

दास्याची कथा हसत हसत वाचावी काय, असा आक्षेप कोणी घेईल. तो गैरवाजवी नाही. चकमकी आणि पाठलाग यांची पुनरावृत्तीही काही भागांत जाणवते. पण या कथेतील हसू पीडिताला हसत नाही. ते पीडिताचे स्वतःचे आहे, आणि मालकाला जे हिरावून घेता आले नाही त्यांपैकी ते एक आहे. मालिका पाहणे हेही तसेच. एका भागात प्रचंड बुद्धीचे एक अंतराळयान या रक्षकयंत्रासोबत मालिका पाहू लागते. एकट्याने पाहून त्यास माणसांच्या भावना उमगत नाहीत. सोबत्यावर होणारा परिणाम अनुभवून त्या उमगतात, आणि मग पात्रांच्या मरणाने तेही व्याकूळ होते. कथा माणसाला काय देते याचे उत्तर अनेक समीक्षाग्रंथांत सापडत नाही, ते येथे सापडते.

मराठी वाचकास आणखी एक सोय आहे. हे यंत्र स्वतःस स्त्री म्हणवीत नाही की पुरुष. आपल्या भाषेत नपुंसकलिंग शाबूत आहे, आणि 'मूल' हा शब्द त्याच लिंगात असल्यामुळे 'ते' म्हटल्याने जिवंतपणा उणावत नाही. एखाद्या मराठी अनुवादकाने या कथामालेकडे वळावे, हे सुचविण्यास एवढे कारण पुरेसे आहे. तोवर इंग्रजीचे थोडे वाचन असलेल्या विद्यार्थ्यांच्या हाती शिक्षकांनी पहिला भाग द्यावा. तो आकाराने लहान आहे, आणि वेळ वाया गेला अशी तक्रार तो वाचून कोणी करील, असे वाटत नाही.